दोघंच निघालात?

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला गंगापूर रोडच्या कुठल्याही टपरीवर चहा घेत उभं राहावं आणि गाड्यांचे नंबर वाचावेत. एमएच शून्य एक, शून्य दोन, शून्य चार, त्रेचाळीस, मधूनच पुण्याची बारा, पिंपरी-चिंचवडची चौदा. आमची पंधरा तोंडी लावण्यापुरती. निम्म्या गाड्यांत पुढे दोन माणसं आणि मागच्या सीटवर दोन सॅक, एक उशी, एखादी गवती टोपी. ही मंडळी आधी मिसळीच्या रांगेत उभी राहणार, दुपारी एखाद्या वायनरीत शिरणार, संध्याकाळी धरणाच्या काठाला फोटो काढणार आणि रविवारी रात्री महामार्गावर अडकून सोमवारी ऑफिसात जांभया देणार. मुंबई इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे. एवढ्या अंतराला घरच्यांना विचारावं लागत नाही, नुसतं सांगून भागतं.

नाशिककर मात्र बरीच वर्षं हा प्रकार टपरीवरूनच बघत होता. आपल्या गावात लोक मजा करायला येतात हे त्याच्या गळी उतरायला वेळ लागला; ती आपणही करावी, हे उतरायला त्याहून जास्त. नवरा-बायकोनं, मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर न घेता, दीड दिवस कुठं जाऊन यायचं किंवा गाणं ऐकायला जायचं म्हणजे आमच्याकडे कारण लागायचं. देव चालायचा, लग्न-मुंज चालायची, दहावं-तेरावंही चालायचं. यातलं काहीच नसताना बॅग घेऊन निघालात, तर जिन्यात भेटणारी पहिली शेजारीण विचारणार, "दोघंच निघालात?" त्यात काळजी थोडी, चौकशी जास्त.

तसं बघायला गेलं तर जोडप्यानं आमच्या जिल्ह्यात यायची रीत जुनीच आहे. त्र्यंबकेश्वरचा नारायण नागबळी घ्या. तीन दिवसांचा विधी, पत्नीसह बसायचं, त्याला नवं धोतर, तिला नवी साडी, मुक्काम बहुधा गुरुजींनी सांगितलेल्या ठिकाणी. देशाच्या कानाकोपऱ्यातून जोडपी येतात, बरीचशी मूल व्हावं म्हणून. कित्येकांच्या आयुष्यातली दोघांनीच केलेली पहिली सहल हीच असेल. दुसरी वाट वणीची. लग्न झालं की जोडीनं सप्तशृंगीला जाऊन यायचं. आम्हीही गेलो होतो, पण आमच्याबरोबर अर्धं वऱ्हाड होतं आणि सगळ्या पायऱ्या चढून होईपर्यंत आम्हा दोघांच्या मध्ये कायम एक आत्या होती. आता २०१८पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. तीन-चार मिनिटांत वर. आत्यांचीही सोय झाली.

गाण्याचं म्हणाल तर त्यातही नाशिक मागं नव्हतं. मेन रोडच्या परिसरातलं विजयानंद थिएटर शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना माहीत असतं. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री तिथं अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या रात्री जॅक्सनच्या निरोपासाठी लावलेलं नाटक होतं किर्लोस्कर मंडळींचं 'संगीत शारदा'. कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावून देण्याविरुद्ध देवलांनी लिहिलेलं. म्हणजे जोडपं कसं असू नये यावरचं नाटक, आणि ते बघायला आलेली जोडपी एकमेकांपासून लांब बसलेली. कारण त्या काळच्या नाटकगृहांत बायकांची जागा वेगळी असे. इतिहासाच्या तासाला गोळ्यांचा आवाज एवढा मोठा असतो, की ही बसायची व्यवस्था कुणाच्या लक्षात येत नाही.

ती पुढे किती टिकली ते आमच्या सासूबाईंकडून ऐकावं. त्यांच्या उमेदीत गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेला जायचं म्हणजे मोठा कार्यक्रम. १९२२ साली सुरू झालेली ही माला आजही दर मे महिन्यात भरते, यशवंत महाराज पटांगणावर, फुकट, उघड्यावर, नदीचा वारा खात. सासूबाई सांगतात, "ते पुरुषांत, मी बायकांत. येताना बरोबर निघायचो, पण ते चार पावलं पुढे. घरी आल्यावर त्यांनी विचारायचं, कसं झालं? मी म्हणायचे, चांगलं झालं. झाली चर्चा."

तिकीट काढून बसणारा श्रोता ही गोष्ट आज आपल्याला अगदी साधी वाटते. पूर्वी मात्र गाणं म्हणजे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातलं, नाहीतर देवळातलं, नाहीतर जिथं कुलीन घरातल्या बाईनं पाऊल टाकू नये अशा माडीवरचं. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेहून १८९६ साली बाहेर पडले आणि सौराष्ट्राच्या फिरतीत त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. ज्याच्या खिशात चार पैसे आहेत त्यानं यावं, संस्थानिकाच्या ओळखीची गरज नाही. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय, मग मुंबईची शाखा, मोठी इमारत, कर्ज आणि शेवटी त्या इमारतीचा लिलाव. त्यानंतरचा त्यांचा आधार होता नाशिकचा, पंचवटीतल्या आश्रमाचा. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकरांचा, म्हणजे बापूरावांचा, जन्म १९२१ साली इथलाच. रामकुंडाकडे जाताना आम्ही नाशिककर गाडी कुठं लावायची या विवंचनेत असतो. गाण्याच्या मैफलीत सभ्य घरातल्या नवरा-बायकोनं शेजारी शेजारी बसावं ही सोय ज्या लोकांनी करून दिली, त्यातला सगळ्यात खटपट्या माणूस याच गल्ल्यांतून फिरत होता, हे डोक्यात येत नाही. एरवी पाट्या लावण्यात आपण हयगय करत नाही.

आता पाडवा. दिवाळीतला हा एक दिवस कायद्यानंच नवरा-बायकोचा. बायकोनं ओवाळायचं, नवऱ्यानं ताटात काहीतरी टाकायचं. नाशिकात त्याच दिवशी पहाटे नेहरू चौकातल्या पिंपळपारावर गाणं असतं आणि हा प्रकार आता इतका मुरला आहे, की जुन्या नाशकातल्या अनेक घरांत पाडवा म्हणजे आधी पिंपळपार आणि मग बाकीचं. जागा छोटी. चारी बाजूंनी जुने वाडे आणि त्यांच्या जागी आलेल्या इमारती, मध्ये पार, खाली सतरंज्या, मागे खुर्च्या. खुर्च्या भरल्या की लोक ओट्यांवर, पायऱ्यांवर, गॅलऱ्यांत. उशिरा येणाऱ्याला गाणं ऐकू येतं, गाणारा दिसत नाही.

त्या पहाटेचं खरं नियोजन आदल्या रात्री स्वयंपाकघरात होतं, हे मैफलीच्या बातमीत कधी येत नाही. पाणी किती वाजता तापवायचं, रांगोळी रात्रीच काढून ठेवायची की सकाळी, फराळाचे डबे कुणी भरायचे, पाहुणे नऊला आले तर? पूर्वी ह्या सगळ्याचं उत्तर एकच असायचं: हे पुढे जायचे आणि मी "जमलं तर" मागून यायची. जमायचं नाही. एका वर्षी मी औक्षणाचं ताट पहाटे साडेचारलाच तयार केलं, ह्यांना पाटावर बसवलं, अर्धवट झोपेत ओवाळून घेतलं आणि म्हटलं, "चला, उठा. आता बरोबर निघू." तेव्हापासून आमच्याकडे पाडव्याचा मुहूर्त पिंपळपार ठरवतो. पैठणी नेसून स्कूटरवर मागे बसायचं म्हणजे पदर सांभाळायला तिसरा हात लागतो. पण चौकात पोचल्यावर दिसतं, की आपल्यासारख्याच आणखी पन्नास जणी पदर खोचून, अत्तराच्या वासात, खुर्ची शोधत फिरताहेत आणि प्रत्येकीचा नवरा चपला कुठं काढाव्यात या विचारात उभा आहे.

गाणं संपतं तोवर उजाडलेलं असतं. तिथून बुधा हलवाईची जिलबी. रांग असतेच; पाडव्याला ती मैफलीहून लांब वाटते. त्या रांगेत आमची जी बोलणी होतात ती घरात होत नाहीत. तानपुरा नीट लागला होता का, भैरवी लवकर उरकली का, निवेदक जरा जास्त बोलला का. शेवटच्या मुद्द्यावर आमचं दर वर्षी एकमत.

ओवाळणीचा नवा प्रकारही याच काळात रुजतोय. आमच्या सोसायटीतल्या एका तरुण नवऱ्यानं ताटात कालिदास कलामंदिरातल्या कार्यक्रमाची दोन तिकिटं टाकली. सासूनं वाकून पाहिलं, सोनं नाही म्हणून नाक मुरडलं. सून खूश. कालिदासला चांगलं नाटक किंवा गाणं असलं की आता बाल्कनीत जोडपीच जोडपी दिसतात. छोटी मैफल हवी असेल तर कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह. तिथं गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो आणि घरून दहा मिनिटांत पोचता येतं, त्यामुळे शेवटच्या क्षणी "जाऊ या का?" म्हणायची सोय आहे. सगळं महिनाभर आधी ठरवून करायचं झालं तर निम्मी मजा ठरवण्यातच खर्च होते, असं माझं मत.

आणि मग सुला. राजीव सामंत अमेरिकेतली ओरॅकलमधली नोकरी सोडून आले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आधी इतर पिकांचे प्रयोग केले, मग वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली पहिली वाइन बाटलीत भरली. नाव आईच्या सुलभा या नावावरून. २००५ साली टेस्टिंग रूम उघडली आणि २००८पासून सुलाफेस्ट. द्राक्षमळ्यांच्या मध्ये पायऱ्यापायऱ्यांचा खुला रंगमंच, शनिवार-रविवार गाणं. २०२०नंतर कोविडमुळे त्यात जो खंड पडला तो २०२५च्या फेब्रुवारीत भरून निघाला. पहिल्या पहिल्या वर्षी आम्हा गावकऱ्यांना त्याची खबर लागायची ती हॉटेलांचे दर वाढले की. "मुंबईकरांची जत्रा" म्हणून आम्ही तो विषय मिटवून टाकला होता.

२०२५ला लेकीनं तिकिटं काढून दिली. ह्यांची पहिली शंका, "आपल्या वयाचं कुणी असेल का तिथं?" होते. भरपूर होते. पायऱ्यांवर कोपरा धरून, शाल गुडघ्यांवर घेऊन, समोरची पोरं नाचताना बघत. फेब्रुवारीत नाशिकला दुपारी ऊन चटकतं आणि सूर्य कलला की हातपाय गार पडतात, तेव्हा स्थानिक माणूस ओळखायचा तो शालीवरून. डिव्हाइनचा रॅप सुरू झाला, पोरांनी हात वर केले, आमच्या ह्यांनी कानात थोडा कापूस सरकवला आणि थोड्या वेळानं काढूनही टाकला. "अगं, हा बोलतोय ते कळतंय मला," म्हणाले. रॅप मुंबईच्या हिंदीतला, आणि ह्यांची उमेदवारीची वर्षं सगळी अंधेरीत गेलेली. मग मान डोलवायला लागले. मी शास्त्रीयवाली, मला तालापलीकडे फारसं काही लागलं नाही, पण त्यांना लागलेलं बघायला मिळालं.

वाइनच्या टेस्टिंगलाही बसलो. पाच-सहा प्रकार, प्रत्येकाचे दोन घोट, पांढरीपासून लालकडे जायचं. पेला दांड्याला धरायचा, फिरवायचा, हुंगायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. ह्यांनी प्रत्येक घोट नाक धरून घ्यायच्या काढ्यासारखा घेतला आणि तरी सगळे पेले संपवले. मला शेनिन ब्लां आवडली, किंचित गोडसर. महाराष्ट्रात वाइनसाठी एकवीस पूर्ण असावी लागतात; आमच्याकडे कुणी वय विचारलं नाही, याचं मला वाईट वाटलं. एक व्यावहारिक सूचना: दोघांनी जायचं असेल तर परतीची गाडी आधी ठरवा. नाहीतर एकानं प्यायची आणि दुसऱ्यानं तोंड पाडून गाडी हाकायची, आणि तो दुसरा कोण यावरून येतानाच वाजतं.

सुलाफेस्ट फेब्रुवारीतच का, हे द्राक्षाच्या शेतकऱ्याला विचारावं लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, तिथून चार-पाच महिन्यांनी माल तयार. जानेवारी ते मार्च हा काढणीचा हंगाम. वेलींवर घड, थंडी अजून गेलेली नाही, पाऊस नको तेव्हा येत नाही असा भरवसा. तो भरवसा हल्ली राहिलेला नाही. दिंडोरी-निफाडच्या बागायतदारानं अवकाळी आणि गारपिटीत एका रात्रीत वर्षाचं पीक गेलेलं पाहिलं आहे. मंचावरचा ध्वनियंत्रणावाला आणि शेजारच्या मळ्यातला माणूस, दोघंही त्या दिवसांत आभाळाकडे बघत असतात. तिकिटाचे पैसे परत करता येतात, एवढाच फरक.

मोठ्या मैफलींसाठी गावाबाहेर जाणं हा वेगळाच व्याप. आमच्या गल्लीतलं एक तरुण जोडपं जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेला गेलं. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला कार्यक्रम होते. आदल्या सप्टेंबरात तिकीटविक्री उघडली तेव्हा ती दोघं दोन फोन, एक लॅपटॉप घेऊन बसली होती आणि पडद्यावर रांगेतला नंबर लाखांत. तिकीट कसंबसं मिळालं, मग प्रश्न परतीचा. पंचवटी एक्स्प्रेस नाशिककरांची जीवनवाहिनी खरी, १९७५पासूनची, पण ती मुंबईहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते. तेव्हा गाणारा अजून मंचावर आलेलाही नसतो. शेवटी स्वतःची गाडी, रात्री उशिरा निघणं, भिवंडी बायपासला ट्रकांच्या मागे सरपटणं, पहाटे घर. नंतर ५ जूनला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला. कसाऱ्याचा घाट बोगद्यातून टळला. भिवंडी काही टळली नाही. तरीही ती दोघं पुन्हा जाणार म्हणतात. मी विचारलं, एवढं काय होतं? तो गाण्यांबद्दल बोलत राहिला, ती म्हणाली, येताना गाडीत चार तास बोललो.

आमच्या पिढीचा ओढा पुण्याकडे, सवाईला. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव. पूर्वी रात्रभर चालायचा, रमणबागेत, पहाटेच्या रागांपर्यंत; ध्वनिक्षेपकांच्या वेळेचे नियम आले आणि रात्रीचं गाणं दिवसाकडे सरकलं. आता मुकुंदनगरला भरतो. सगळ्या दिवसांचा पास काढणारे आमचे स्नेही आहेत, पण माझा सल्ला एका शनिवारचा. नाशिक-पुणे दोनशे दहा किलोमीटरला चाकणची कृपा झाली तर सहा तास लागतात आणि भारतीय बैठकीत पन्नाशीनंतरचे गुडघे चौथ्या कलाकारापर्यंत टिकत नाहीत. गाण्यापेक्षा मागच्या स्टॉलवरच्या भज्यांची चर्चा जास्त व्हायला लागली की समजावं, आपलं झालं.

गाणं नसेल तेव्हा पाणी. नाशिककर जोडप्याला दीड दिवसात जाऊन यायला भंडारदरा आहे, जव्हार आहे, हातगड-सापुतारा आहे. पावसाळ्यात हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर जी चेंगराचेंगरी होते तिच्या वाटेला मी जात नाही. भंडारदऱ्याचे काजवे मात्र जोडीनं एकदा बघावेत, मेअखेर ते पावसाची पहिली मोठी सर यांच्या मधल्या दिवसांत, हिरडा-बेहड्याची झाडं एकदम पेटतात-विझतात तेव्हा. एकच अट: शनिवारी जाऊ नका. शनिवारी तिथं हेडलाइटच जास्त चमकतात, आणि काजव्याच्या नर-मादीचं जे काही बोलणं चाललेलं असतं ते सगळं उजेडात बुडून जातं. वनखात्यानं रात्रीच्या वेळेवर बंधनं घातली आहेत, ते बरंच केलं.

माझं आवडतं ठिकाण नांदूर मध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथं बंधारा आहे, मागे गाळानं तयार झालेलं उथळ पाणी. जानेवारी २०२०मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून ते जाहीर झालं. नाशकातून पहाटे निघालं की चापडगावच्या मनोऱ्यावर धुकं असतानाच पोचता येतं. स्थानिक पोरं गाइड म्हणून दुर्बीण घेऊन उभी असतात. थंडीत रोहित येतात, थापट्या, तलवार बदक आणि विटकरी रंगाचे चक्रवाक. चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दूर राहून रात्रभर हाका मारते, असं संस्कृत कवी सांगत आले. गाइडला विचारलं तर तो म्हणाला, "काय नाय ताई, रात्री चरायला जातात दोघं." हे खूश झाले. मनोऱ्यावर बोलता येत नाही, पक्षी उडतात. एकच दुर्बीण असली तर ती हिसकावून घ्यायची वेळ येते. येताना वाटेत कुणाच्या तरी मळ्यावर द्राक्षं घ्यायची आणि जेवायला घरी. मुक्काम नाही, हॉटेलचं भाडं नाही, फक्त पेट्रोल आणि गाइडचे पैसे.

ह्या दीड दिवसासाठी आमच्याकडे दूधवाल्याला सांगायचं, सासूबाईंच्या गोळ्या वारांच्या डबीत भरायच्या, किल्ली समोरच्या घरी द्यायची. सगळ्यात अवघड सासूबाईंना सांगणं होतं. मी भीतभीतच विषय काढला होता. त्या म्हणाल्या, "जा. फक्त त्याला म्हणावं, चार पावलं मागे चाल."

सिंहस्थाच्या काळात हे सगळं जरा अवघड होणार आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण होऊन सिंहस्थ सुरू होईल, २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं. रस्ते आत्ताच उकरले आहेत. लॉज, धर्मशाळा, अगदी गंगापूर रोडची हॉटेलंही तेव्हा यात्रेकरूंनी भरतील आणि शहरात कुणाला मैफल करायची झाली तरी पोलिसांची परवानगी मिळणं कठीण. ज्यांना नाशकातल्या नाशकात दोघांनी हिंडायचं आहे त्यांनी त्याआधी हिंडून घ्यावं. स्नानांच्या दिवसांत आम्ही हातगडला जायचं म्हणतोय. पण सासूबाईंनी रामकुंडावर पर्वणी साधायचीच असं आत्तापासून बजावून ठेवलंय, तेव्हा कुठल्या तारखा उरतात ते कॅलेंडर आल्यावर बघू.